गाडीचा केबिन एअर फिल्टर घरीच बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारचाकीच्या एसीतून आपल्या तोंडावर येणारी हवा ज्या घडीदार, चौकोनी फिल्टरमधून गाळली जाते, तो बदलायला बहुतेक गाड्यांत एकही पाना लागत नाही. तरीही वर्षानुवर्षे तो कुणी उघडून पाहत नाही. पुढील उत्तरे महाराष्ट्रातील रस्त्यांवर नेहमी दिसणाऱ्या प्रवासी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गाडी पेट्रोलची, डिझेलची, सीएनजीची की विजेची, याने या कामात काही फरक पडत नाही. मात्र गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत एखादी वेगळी सूचना असेल, तर तीच प्रमाण मानावी.

केबिन एअर फिल्टर नेमका कुठे असतो आणि तो काय करतो?

बाहेरची हवा समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली असलेल्या काळ्या जाळीतून आत शिरते. ब्लोअर ती खेचतो, पुढे ती कूलिंग कॉइलवरून जाऊन थंड होते आणि डॅशबोर्डवरील जाळ्यांतून आपल्यापर्यंत पोहोचते. या वाटेवर, कॉइलच्या आधी, फिल्टर बसवलेला असतो. बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत तो ब्लोअरच्या थेट वर असतो, तर काही गाड्यांत ब्लोअर आणि कॉइल यांच्या मधोमध.

म्हणजे हा फिल्टर दोन गोष्टी राखतो : गाडीत बसलेल्यांचा श्वास आणि एसीची कॉइल. दुसऱ्या गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एसी चालू असताना हवेतील बाष्प कॉइलवर साचून ती सतत ओली राहते, आणि ओल्या कॉइलवर धूळ बसली की तिचा चिखल होतो, त्यात बुरशी धरते आणि हवेची वाट अरुंद होत जाते. कॉइल मुळापासून स्वच्छ करायची झाली तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि ते काम वेळखाऊ तर असतेच, शिवाय खर्चिकही असते. काही शे रुपयांचा फिल्टर वेळेवर बदलला तर हा प्रसंग बहुतेकदा टळतो.

इंजिनाचा एअर फिल्टर आणि हा फिल्टर एकच का?

नाही. इंजिनाचा एअर फिल्टर बॉनेटखाली काळ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो आणि इंजिनात जाणारी हवा गाळतो. दुकानात केवळ ‘एअर फिल्टर’ मागितला तर हमखास तोच हातात पडतो. म्हणून मागताना ‘एसी फिल्टर’ किंवा ‘केबिन फिल्टर’ असे स्पष्ट म्हणावे.

माझ्या गाडीत हा फिल्टर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे पुस्तिकेतील देखभालीचे पान. तिथे उल्लेख सापडला नाही, तर ग्लोव्ह बॉक्स उतरवून त्यामागे आडवे, अरुंद, दोन्ही टोकांना खिट्ट्या असलेले झाकण आहे का ते पाहावे. मारुती सुझुकीच्या स्विफ्ट आणि बलेनो, ह्युंदाईची आय-ट्वेंटी, होंडा सिटी, टोयोटाची इनोव्हा या गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागेच मिळतो. फोक्सवॅगन पोलोसारख्या काही युरोपीय गाड्यांत तो चालकाशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवण्याच्या जागेतून, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाने काढावा लागतो. काही मोजक्या गाड्यांत तो बॉनेट उघडून वायपरच्या जाळीपाशी सापडतो.

जुन्या आणि सर्वात स्वस्त श्रेणीतील काही गाड्यांत कारखान्यातून फिल्टर येतच नसे. अशा गाड्यांत कधी झाकण असते पण आत खोबण रिकामी असते. तिथे योग्य मापाचा फिल्टर सरळ बसवता येतो. कधी मात्र ती जागा प्लास्टिकने पूर्ण बंद केलेली असते आणि गॅरेजमध्ये ती कापून फिल्टर बसवला जातो. हे काम घरी करू नये असे माझे मत आहे, कारण कापताना पडणारे तुकडे थेट ब्लोअरच्या पात्यांत जातात आणि कापलेल्या कडेवर झाकण हवाबंद बसेलच याची शाश्वती नसते.

फिल्टर किती दिवसांनी बदलावा?

बहुतेक गाड्यांच्या वेळापत्रकात साधारणपणे १०,००० ते २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे सांगितलेले असते आणि धुळीच्या भागात त्याहून लवकर बदलण्याची सूचना असते. परंतु केवळ किलोमीटर मोजून हा निर्णय घेणे आपल्याकडे पुरेसे ठरत नाही. शहरात रोज दोन तास सिग्नलवर थांबत जाणारी गाडी वर्षात ७,००० किलोमीटरच चालली, तरी तिच्या फिल्टरने महामार्गावर धावणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक काजळी ओढलेली असते.

त्यामुळे ऋतू पाहून ठरवावे. पावसाळ्याचे चार महिने फिल्टर दमट राहतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर तो पूर्ण वाळतच नाही, आणि त्याच्या घड्यांत अडकलेली पाने, परागकण व माती यांवर बुरशी वाढते. पाऊस ओसरला की लगेच सोयाबीनची मळणी सुरू होते, पाठोपाठ साखर कारखान्यांचा गळीत हंगाम लागतो आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याकडेची माती उडू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात थंड हवा जमिनीलगत कोंडून राहत असल्याने मुंबई-पुण्यातील धूर आणि बांधकामाची धूळ वर उठून पांगत नाही. म्हणून नवा फिल्टर बसवण्याची योग्य वेळ ऑक्टोबर अखेर ते दिवाळीच्या आसपासची, असे मी ठामपणे सुचवीन. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये एकदा झाकण उघडून पाहावे. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील उन्हाळी फुफाटा किंवा कोकणातील जांभ्याची तांबडी धूळ यांतून गाडी रोज जात असेल, तर त्या वेळी दुसरा फिल्टर लागण्याची शक्यता बरीच असते.

ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात आणि त्यानंतर रिकाम्या भूखंडांवर, रस्त्यांच्या कडेला फुलणारे गाजरगवत हे शिंका, नाक गळणे आणि त्वचेची खाज यांचे एक ज्ञात कारण आहे. भारतात या तणाची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच प्रथम झाली. परागकण सहसा १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे असतात, त्यामुळे साधा फिल्टरही ते अडवतो. मात्र तो गच्च भरलेला किंवा कडेने सैल असता कामा नये. अशा घरांतील गाडीचा फिल्टर ऑगस्टमध्येच पाहून घ्यावा.

फिल्टर बदलण्याची वेळ आली आहे, हे कोणत्या लक्षणांवरून कळते?

ब्लोअर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर ठेवूनही आवाजच मोठा येतो आणि हवा मात्र मंद येते, हे पहिले लक्षण. पावसात, विशेषतः ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात, आतून धूसर झालेली काच लवकर साफ होत नाही, हे दुसरे. यात गैरसोयीबरोबर धोकाही आहे. एसी सुरू करताच पहिल्या मिनिटात येणारा कुबट वास हे तिसरे, पण त्याचे मूळ फिल्टरमध्येच असेल असे नाही, हे पुढे एका उत्तरात स्पष्ट केले आहे.

खरे तर लक्षणांची वाट पाहू नये. फिल्टर हळूहळू भरत जातो, त्यामुळे रोज तीच गाडी चालवणाऱ्याला हवा कमी झाल्याचे जाणवत नाही. झाकण उघडून डोळ्यांनी पाहणे हीच एकमेव भरवशाची तपासणी आहे, आणि हे काम स्वतः शिकून घेण्याचे माझ्या दृष्टीने सर्वात मोठे कारणही हेच आहे. पैसे वाचतात हा त्याखालचा लाभ.

हे काम मला जमेल का? कोणती साधने लागतात?

ग्लोव्ह बॉक्समागे फिल्टर असलेल्या गाड्यांत पहिल्या वेळी साधारण अर्धा तास आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे पुरतात. चार तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, मोबाइलचा किंवा साधा टॉर्च, ओलसर फडके, एक जुने वर्तमानपत्र आणि उपलब्ध असल्यास घरातील व्हॅक्यूम क्लीनर एवढे साहित्य जवळ ठेवावे. नाकावर मास्क अवश्य बांधावा. दोन वर्षांची धूळ एका झटक्यात बाहेर येते.

योग्य फिल्टर विकत कसा घ्यावा?

गाडीचे नाव सांगून फिल्टर घेणे ही अर्धवट माहिती झाली. एकाच नावाच्या गाडीची नवी पिढी आली की फिल्टरची लांबी, जाडी किंवा कडेची खाच बदलते, आणि वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून गाडीचे उत्पादनवर्ष, श्रेणी आणि शक्य असल्यास चॅसी नंबर दुकानदाराला द्यावा, किंवा जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेला पार्ट नंबर टिपून न्यावा. आधी जुना फिल्टर काढून पाहणे आणि मग खरेदीला जाणे हा क्रम उत्तम. तो परत जागेवर ठेवून गाडी दुकानापर्यंत नेता येते.

कंपनीचा मूळ सुटा भाग घ्यावा की बॉश, मान, माह्ले, प्युरोलेटर यांसारख्या नावाजलेल्या उत्पादकांचा घ्यावा, हा प्रश्न मापापुढे गौण आहे. महागड्या फिल्टरच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली, तर हवा सर्वात सोप्या वाटेने, म्हणजे त्या फटीतूनच, जाते. स्वस्त पण घट्ट बसणारा फिल्टर त्यापेक्षा अधिक काम करतो. हातात घेतल्यावर कडेची फोमची पट्टी सलग आहे का, घड्या एकसारख्या व ताठ आहेत का आणि चौकट दाबल्यावर पिचकत नाही ना, एवढे पाहावे.

साधा, कार्बनचा, ‘पीएम २.५’ आणि ‘हेपा’ यांपैकी कोणता घ्यावा?

साधा पांढरा फिल्टर धूळ, परागकण आणि मोठी काजळी अडवतो. कार्बनच्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो, म्हणून तो करडा किंवा काळपट दिसतो. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत वायूचे रेणू चिकटून राहत असल्याने डिझेलचा धूर, गटार, कचऱ्याची जाळपोळ यांचा वास बराच कमी होतो. ही छिद्रे भरली की वास अडवण्याची क्षमता संपते, धूळ मात्र तो पुढेही अडवत राहतो. म्हणून वास पुन्हा येऊ लागणे ही कार्बन फिल्टर बदलण्याची खूण समजावी. रोज शहरातील वाहतुकीत अडकणाऱ्यांनी थोडे अधिक पैसे देऊन कार्बनचाच घ्यावा, असे मी सुचवीन. गावाकडे, मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला साधा फिल्टर लवकर लवकर बदलणे अधिक सोयीचे.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. ते फुप्फुसांत खोलवर जातात. भारतात २००९ साली जाहीर झालेल्या मानकानुसार त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली. असे कण रोखण्यासाठी विद्युतभारित धाग्यांचे फिल्टर मिळतात आणि ते उपयोगी आहेत, मात्र खोक्यावर नुसते ‘पीएम २.५’ छापलेले असणे हा पुरावा नव्हे. किती मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात आणि चाचणी कोणत्या मानकाने झाली, हे छापलेले असावे. गाडीच्या केबिन फिल्टरसाठी आयएसओ १११५५ हे मानक आहे.

‘हेपा’ या शब्दाबाबत अधिक सावध राहावे. अमेरिकेत रूढ असलेल्या व्याख्येनुसार हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. इतका दाट फिल्टर हवेलाही तेवढाच विरोध करतो. ज्या गाडीची ब्लोअर-यंत्रणा त्यासाठी घडवलेली नाही, तिच्या पातळ खोबणीत तो बसवला तर हवेचा झोत कमी होतो आणि काच साफ व्हायलाही वेळ लागतो.

फिल्टर बदलण्याची प्रत्यक्ष कृती कशी आहे?

गाडी सपाट जागी, शक्यतो सावलीत उभी करावी, हँडब्रेक ओढावा, ब्लोअर आणि इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. उन्हात वर्षे काढलेले प्लास्टिक ठिसूळ होते, त्यामुळे या कामात जोर लावण्याचा प्रसंग येता कामा नये. जोर लागत असेल तर एखादी खिट्टी किंवा स्क्रू आपल्या नजरेतून सुटला आहे असे समजावे. ग्लोव्ह बॉक्समधील कागदपत्रे आणि इतर सामान बाहेर काढावे, सीट पूर्ण मागे सरकवावी आणि पायाखालच्या मॅटवर वर्तमानपत्र पसरावे.

ग्लोव्ह बॉक्स उघडून त्याच्या बाहेरच्या बाजूला हात घातला की अनेक गाड्यांत एक बारीक दोरी किंवा छोटी दांडी लागते. कप्पा धाडकन पडू नये म्हणून ती असते. तिचे टोक खुंटीवरून अलगद सरकवून काढावे. मग कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दोन्ही तळहातांनी आत दाबाव्यात, म्हणजे अडवणारे उंचवटे सुटतात आणि कप्पा खाली झुकतो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत, या उंचवट्यांऐवजी आतून लावलेल्या दोन गोल गुंड्या असतात. त्या फिरवून किंवा दाबून बाहेर काढाव्या लागतात. कप्पा झुकल्यावर तो स्वतःकडे ओढला की तळाचे आकडेही निघतात. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : ग्लोव्ह बॉक्सच्या वर, डॅशबोर्डमध्ये, एअरबॅग असते आणि तिच्या वायरी व जोडण्या पिवळ्या रंगाच्या असतात. पिवळ्या वायरीला हात लावू नये, ती ओढू नये, तिची जोडणी सोडवू नये.

आता समोर फिल्टरचे आडवे झाकण दिसेल. त्याच्या टोकाची खिट्टी दाबून ते ओढावे. आतल्या फिल्टरची कड चिमटीत धरावी आणि तो आडवाच, न कलवता, सावकाश बाहेर घ्यावा. कलवला तर वरच्या घड्यांत साठलेली पाने आणि माती खाली ब्लोअरमध्ये सांडते. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास दिसते : त्याची इवलीशी पाने वायपरच्या जाळीतून सहज आत शिरतात आणि घड्यांच्या तळाशी ओळीने दाबून बसलेली असतात, वर काजळीचा मऊ, काळा थर. फिल्टर पूर्ण काढण्यापूर्वी, अर्धा बाहेर आलेला असतानाच, बाणाची दिशा दिसेल असा मोबाइलवर फोटो घ्यावा.

फिल्टर वर्तमानपत्रावर ठेवून खोबणीत टॉर्च मारावा. दिसणारा कचरा बोटांनी किंवा व्हॅक्यूमच्या निमुळत्या नळीने काढावा. तोंडाने किंवा यंत्राने हवा मारू नये, कारण ती धूळ थेट कॉइलकडे जाते. खोबणीच्या कडा ओलसर फडक्याने पुसून कोरड्या होऊ द्याव्यात. नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहावेत, बाणाची दिशा जुळवावी आणि घड्या न दुमडता तो शेवटपर्यंत आत सरकवावा. झाकण लावताना दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एकाच टोकाला आला तर झाकण तिरके बसले आहे. मग ग्लोव्ह बॉक्सचे तळाचे आकडे आधी अडकवावेत, भिंती दाबून कप्पा वर घ्यावा आणि दोरी किंवा दांडी खुंटीवर परत चढवावी.

शेवटी गाडी सुरू करून ब्लोअर पहिल्या टप्प्यापासून सर्वात वरच्या टप्प्यापर्यंत न्यावा. खडखड ऐकू आली तर पात्यांत एखादे पान किंवा काडी गेली आहे. शीळ घातल्यासारखा आवाज आला तर झाकण किंवा फिल्टर नीट बसलेला नाही.

फिल्टरवरील बाण कोणत्या दिशेने ठेवावा?

आधी बाणाजवळची अक्षरे वाचावीत. बाणाशेजारी ‘अप’ या अर्थाचे इंग्रजी शब्द असतील, तर बाण आकाशाकडे असावा, हवा कोणत्याही दिशेने वाहो. ‘एअर फ्लो’ असे लिहिले असेल, तर बाण हवा वाहण्याच्या दिशेने असावा. फिल्टर ब्लोअरच्या वर असेल तर हवा वरून खाली येते, म्हणून ‘एअर फ्लो’चा बाण खाली वळतो. या दोन खुणांची गल्लत ही या कामातील सर्वात नेहमीची चूक आहे.

बाणच नसेल तर जुन्या फिल्टरची अधिक मळलेली बाजू पाहावी. हवा त्या बाजूने येते. उलटा बसवला तर एसी बंद पडत नाही, पण अनेक थरांच्या फिल्टरमध्ये जाड धागे आधी आणि बारीक धागे नंतर अशी रचना असते. ती उलटली की बारीक थर लवकर बुजतो आणि फिल्टरचे आयुष्य घटते.

जुना फिल्टर धुऊन किंवा गॅरेजमध्ये हवा मारून पुन्हा वापरता येतो का?

‘धुण्यायोग्य’ असे स्पष्ट लिहिलेले फिल्टर सोडले, तर धुऊ नये. पाण्याने धागे फुगतात, घड्या बसतात, कोळशाचा थर सुटतो आणि विद्युतभारित धाग्यांचा भार नाहीसा होतो. वरून आत राहिलेला ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. कॉम्प्रेसरच्या हवेने वरची धूळ उडते आणि फिल्टर स्वच्छ दिसू लागतो, पण तो दाब धागे फाडतो आणि बारीक काजळी आणखी आत ढकलतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये फिल्टर काढून, उलटा धरून हलकेच आपटून पाने झाडणे एवढे मात्र करायला हरकत नाही.

फिल्टरवर उंदराने कुरतडल्याच्या खुणा किंवा लेंड्या आढळल्या तर काय करावे?

काम तिथेच थांबवून रबरी हातमोजे आणि मास्क घालावा. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, आणि पावसाळ्यात मुंबई व कोकणात या रोगाचे रुग्ण दरवर्षी आढळतात. कोरडी घाण झाडू नये किंवा व्हॅक्यूमने ओढू नये. फिल्टरवर आणि हाताला लागणाऱ्या घरट्यावर जंतुनाशकाचे पाणी हलकेच फवारून, ते भिजल्यावर उचलून पिशवीत बांधावे. ब्लोअरच्या मोटारीवर मात्र पाणी ओतू नये. घरटे ब्लोअरच्या आत गेलेले असेल, तर गाडी मेकॅनिककडे नेऊन ब्लोअर उतरवून घ्यावा आणि त्याच वेळी आसपासच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. उंदीर एकदा वाट शिकला की नवा फिल्टरही कुरतडतो, म्हणून गाडीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत आणि ती कचराकुंडीपासून दूर लावावी.

नवा फिल्टर बसवूनही कुबट वास येतो. असे का?

वास तेव्हा कॉइलमधून येत असतो. पोहोचण्याच्या ठिकाणापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल वाळते आणि बुरशीला ओल मिळत नाही; ही सवय कोणत्याही सुगंधी बाटलीपेक्षा गुणकारी आहे. डाव्या बाजूला पायाखालची मॅट ओली लागत असेल, तर कॉइलचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते, आणि ती मेकॅनिककडून मोकळी करून घ्यावी. फिल्टरच्या खोबणीत डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. बंद गाडीत नॅफ्थलीनची वाफ सतत हुंगणे अपायकारक आहे, लहान मुलांना तर विशेषच.

फिल्टर काढून तसाच रिकामा प्रवास केला तर चालेल का?

दुकानापर्यंत जाण्यापुरते, ब्लोअर बंद ठेवून, चालेल. त्याहून अधिक नाही.

फिल्टर बदलल्याने एसी अधिक थंड होतो का? मायलेज वाढते का?

हवा अधिक येते, म्हणून गाडी लवकर थंड होते. एसीतील गॅस कमी असेल किंवा कॉम्प्रेसर बिघडला असेल तर फिल्टरने काही साधत नाही. पारख करायची असल्यास फिल्टर बाहेर असताना, खोबण साफ केल्यावर, काही क्षण ब्लोअर चालवून पाहावा : झोत एकदम वाढला तर दोष फिल्टरचा होता, आणि फिल्टर नसतानाही हवा मंदच असेल तर दोष पुढे, कॉइलमध्ये किंवा ब्लोअरमध्ये आहे. मायलेजमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

आतलीच हवा फिरवत ठेवली तर फिल्टर कमी मळेल, मग बाहेरची हवा घ्यावीच कशाला?

बहुतेक गाड्यांत आत फिरणारी हवाही याच फिल्टरमधून जाते आणि प्रत्येक फेरीत ती अधिक स्वच्छ होते, हे खरे. त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील बोगद्यांत किंवा कसारा घाटात धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे असताना आतली हवा फिरवणे योग्यच आहे. परंतु चार-पाच माणसे बसलेल्या बंद गाडीत श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, जडपणा आणि झोप येऊ लागते, आणि चालकाच्या बाबतीत ते घातक आहे. लांबच्या प्रवासात दर थोड्या वेळाने बाहेरची हवा घ्यावी. पावसात काचेवर बाष्प धरू नये म्हणून एसी चालू ठेवून बाहेरचीच हवा घ्यावी.

येथे एक इशारा देणे अत्यंत आवश्यक वाटते. कोणताही केबिन फिल्टर, कार्बनचासुद्धा, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा कोंदट जागी इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपणे जिवावर बेतू शकते.

सर्व्हिसिंगच्या बिलात फिल्टर बदलल्याची नोंद आहे. तो खरोखर बदलला का, हे कसे तपासावे?

कडेवर लिहिलेली तारीख इथे उपयोगी पडते. गाडी देतानाच ‘काढलेला जुना फिल्टर परत द्यावा’ असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे, आणि घरी आल्यावर झाकण उघडून आतला फिल्टर पाहावा. स्वतः फिल्टर आणून बसवला असल्यास त्याचे बिल पुस्तिकेत जपून ठेवावे आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ‘केबिन फिल्टर बदलू नये’ असे आधीच सांगावे, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा चांगला फिल्टर टाकून दिला जात नाही.

काढलेला फिल्टर कुठे टाकावा?

काढल्याबरोबर तो वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावा. उघडा टाकला तर कचरा वेचणाऱ्यांच्या नाकातोंडात ती धूळ जाते. कागदासारखा दिसत असला तरी त्यात प्लास्टिकचे धागे असतात, म्हणून तो जाळू नये. उंदराची घाण लागलेला फिल्टर दुहेरी पिशवीत बांधावा, देताना कचरा नेणाऱ्याला तसे सांगावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.